पडद्यामागचे यंत्र

ऑल-इन-वन, म्हणजे पडदा आणि संगणक एकाच पेटीत असलेल्या संगणकावर गेम खेळायचे आहेत असे म्हटले, की जाणकार मंडळी नकारार्थी मान हलवतात. त्यांचे म्हणणे ठरलेले असते: तेवढ्याच पैशांत वेगळ्या कॅबिनेटचा डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो, पुढे त्यात नवे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, बसवता येते आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही ज्याला संगणक मोजक्या जागेत, तारांचा गुंता न करता ठेवायचा आहे, दिवसभर त्यावर पत्रव्यवहार, हिशेब किंवा अभ्यास करायचा आहे आणि कामे आटोपल्यावर तासभर एखादा खेळ खेळायचा आहे, त्याला हा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. सर्वांत वेगवान यंत्र कोणते हे त्याने विचारलेलेच नसते. एवढ्या जागेत, एवढ्या खेळापुरते काय पुरेल, एवढेच त्याला हवे असते. मी स्वतः याच दुसऱ्या गटातला असल्यामुळे या प्रश्नाकडे जरा सावकाश पाहावेसे वाटते.

पहिली अडचण 'हौसेपुरते खेळणे' याचा अर्थ लावण्यापासूनच सुरू होते. जाहिरातीत ही हौस फार सोयीस्करपणे वापरली जाते. जे यंत्र गेमिंगसाठी म्हणून विकता येत नाही, त्यावर 'हौशी खेळाडूंसाठी' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळे होता येते. प्रत्यक्षात हौशी माणसाचे खेळही एका मापाचे नसतात. २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ अगदी साध्या यंत्रावरही सुखाने चालतो. त्याच वर्षीचा 'सिव्हिलायझेशन ६' हा पाळीपाळीने खेळायचा खेळ आहे. त्यात पडद्यावरची हालचाल थोडी अडखळली तरी काही बिघडत नाही, मात्र डाव रंगात आल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या चाली ठरवताना प्रोसेसर बराच वेळ घेतो आणि आपण नुसते पाहत बसतो. 'रॉकेट लीग'सारख्या गाडीने चेंडू मारायच्या खेळात चित्र साधे असले तरी चालेल, पण ते सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रे, या गतीने न चुकता आले पाहिजे, नाहीतर चेंडू आणि गाडी यांची गाठच पडत नाही. 'माइनक्राफ्ट' तर दिसण्यावर जाऊ नये याचा उत्तम नमुना आहे. ठोकळ्यांचे ते जग पाहून हलकेच वाटते. पण दूरवरचे दृश्य दिसावे म्हणून अंतराची मर्यादा वाढवली की प्रोसेसरला घाम फुटतो, आणि सावल्या-प्रकाशाची भर घालणारे शेडर लावले की ग्राफिक्सचीही तीच गत होते. म्हणून संगणकाची माहिती वाचायला घेण्याआधी आपण खरोखर खेळतो ते चार-पाच खेळ कागदावर लिहून काढावेत, आणि कधीतरी खेळू असे वाटणारे एक-दोन त्यांच्या खाली वेगळे लिहावेत. वरच्या यादीसाठी यंत्र घ्यायचे असते. खालची यादी बहुतेक वेळा खालीच राहते.

ही यादी हाती आल्यावर मी एकच कसोटी लावतो. या यंत्रातले काय पुढे बदलता येणार आहे आणि काय कधीच बदलता येणार नाही? ऑल-इन-वनमध्ये पडदा, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि आतली हवा खेळण्याची व्यवस्था या चार गोष्टी घेतल्या दिवशी जशा असतील तशाच शेवटपर्यंत राहतात. माउस, कीबोर्ड, गेमपॅड, हेडफोन, बाहेरून जोडायची डिस्क हे सगळे सवडीने बदलता येते. गंमत अशी, की दुकानातल्या प्रात्यक्षिकात नेमक्या या दुसऱ्या गटातल्या गोष्टी पुढे केल्या जातात: सोबत बिनतारी कीबोर्ड आहे, कॅमेरा वर उचलला जातो, खालच्या पट्टीत फोन चार्ज होतो. आपल्याला हिशेब करायचा असतो तो पहिल्या चार गोष्टींचा, आणि त्याहीपेक्षा त्यांच्या आपसातल्या मेळाचा.

हे यंत्र मुळात काय आहे हे समजले की हा मेळ का बिघडतो ते कळते. पडदा आणि संगणक एकाच पेटीत घालण्याची कल्पना जुनी आहे. अॅपलचा १९८४चा मॅकिंटॉश तसाच होता; त्याचा पडदा नऊ इंची होता. १९९८ साली आलेल्या पहिल्या आयमॅकमध्ये पंधरा इंची काचेची पिक्चर ट्यूब होती, आणि ती ट्यूब मागे एवढी फुगलेली असे की तिच्याभोवती संगणकाचे भाग बसवायला जागा आपोआप मिळे. पुढे सपाट पडदे आले. २००४च्या आयमॅक जी५मध्ये सगळा संगणक सपाट पडद्याच्या पाठीशी गेला, आणि आजचे जवळजवळ सगळे ऑल-इन-वन त्याच आराखड्याची वंशावळ सांगतात. तेव्हापासून स्पर्धा सुरू झाली ती जाडी कमी करण्याची. २०२१चा चोवीस इंची आयमॅक तर अवघा साडेअकरा मिलिमीटर जाडीचा निघाला. तेवढ्या जागेत वीजपुरवठ्याचा भाग मावणे शक्य नव्हते, म्हणून तो लॅपटॉपसारखा बाहेर अडॅप्टरमध्ये आला, आणि तारेने इंटरनेट जोडायचे छिद्रसुद्धा त्या अडॅप्टरवर गेले. वस्तू म्हणून ती देखणी आहे यात वादच नाही. पण समोरून पाहणाऱ्याला साडेअकरा मिलिमीटर दिसतच नाहीत. बाजूने पाहायला आपण किती वेळा उठतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

जाडी कमी झाली की उष्णतेला वाट कमी मिळते. म्हणूनच बहुतेक ऑल-इन-वन यंत्रांत डेस्कटॉपचे भाग न बसवता लॅपटॉपचे भाग बसवलेले असतात. मोठ्या पडद्यामुळे आपल्याला तो डेस्कटॉप वाटतो, पण पाठ उघडून पाहिली तर आत लॅपटॉपच पसरून बसवलेला असतो. इंटेलच्या अलीकडच्या काही पिढ्यांत लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'यू' असेल तर त्याची मूळ वीजमर्यादा साधारण पंधरा वॉट असते, 'पी' असेल तर अठ्ठावीस आणि 'एच' असेल तर पंचेचाळीस. डेस्कटॉपच्या प्रोसेसरसाठी हाच आकडा बहुधा पासष्टपासून सुरू होतो आणि सव्वाशेपर्यंत जातो. नावातले पहिले शब्द आणि आकडे सारखेच दिसत असल्यामुळे दोन्ही एकाच तोडीचे आहेत असा समज होतो. पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठी तो समज निरुपद्रवी आहे, कारण त्या कामांत प्रोसेसर बराच वेळ रिकामाच असतो. खेळाचे तसे नाही. खेळ चालू असेपर्यंत प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही उसंत मिळत नाही, आणि दोघांची उष्णता बहुधा एकाच पंख्याला बाहेर टाकायची असते.

याचा परिणाम पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही. खेळ सुरू केला की चित्र छान पळते, पंखा कुजबुजत असतो, आणि वाटते की जाणकारांनी उगीच घाबरवले. आतला धातू तापायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी पंख्याचा आवाज एक पट्टी वर चढतो, पडद्याच्या वरच्या कडेवर हात धरला तर जाळीतून गरम झोत लागतो, आणि आतापर्यंत साठ फ्रेमने चालणारा खेळ पन्नास-बावन्नवर घुटमळू लागतो. यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी केलेला असतो. तो त्याचा बिघाड नसून स्वभाव आहे. म्हणून कोणतेही यंत्र पारखताना मला पहिल्या मिनिटांपेक्षा अर्ध्या तासानंतरची गती महत्त्वाची वाटते. एखाद्या ओळखीच्याकडे तेच मॉडेल असेल तर आपल्या यादीतला सर्वांत जड खेळ त्यावर सलग खेळून पाहावा. तसे शक्य नसेल तर सविस्तर परीक्षणांत दीर्घकाळ भार टाकून केलेल्या चाचण्या शोधाव्यात. पाठ किंचित जाड असलेले, वर आणि खाली मोठ्या जाळ्या असलेले, फोटोत थोडे बोजड दिसणारे मॉडेल या चाचणीत अनेकदा सडपातळ मॉडेलला मागे टाकते. मला विचाराल तर मी बोजड दिसणारेच घेईन.

आता पडद्याकडे वळतो, कारण ऑल-इन-वन निवडताना सर्वांत मोठी गल्लत इथे होते. वेगळ्या डेस्कटॉपमध्ये पडदा आणि ग्राफिक्स यांचे नाते तात्पुरते असते. एक दुसऱ्याला पुरा पडेनासा झाला की बदलता येतो. इथे त्यांची गाठ कायमची बांधलेली असते, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने पडदा हा दाखवायचा भाग असल्यामुळे तो यंत्राच्या कुवतीपेक्षा वरचा दिला जाण्याकडे कल असतो. आकडे मांडले म्हणजे हे स्पष्ट होते. १९२० गुणिले १०८० या मापाच्या, म्हणजे फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० या मापात ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात. ३८४० गुणिले २१६० या ४के मापात ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. चोवीस इंची आयमॅकचा पडदा ४४८० गुणिले २५२० ठिपक्यांचा आहे. त्यांची संख्या १ कोटी १२ लाखांच्या वर जाते. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला ग्राफिक्सला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात फुल एचडीवर वीस लाख ठिपके रंगवायचे की ४केवर ब्याऐंशी लाख, हा काही किरकोळ फरक नाही. अक्षरे वाचताना आणि छायाचित्रे पाहताना दाट ठिपक्यांचा पडदा सुखावतो, पण खेळताना त्याच ठिपक्यांचे ओझे त्या बिचाऱ्या लॅपटॉपी ग्राफिक्सच्या डोक्यावर येते.

यावर उत्तर दिले जाते ते असे, की खेळताना रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी करा. ते करता येते, पण पडदा ते कसे स्वीकारतो हे जवळून पाहण्यासारखे असते. १४४० रेषांच्या, म्हणजे २५६० गुणिले १४४० मापाच्या पडद्यावर खेळ १०८० रेषांनी चालवला, तर खेळातला एक ठिपका पडद्यावरच्या एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपक्यांवर पसरावा लागतो. तृतीयांश ठिपका असा काही नसतोच, म्हणून दोन शेजाऱ्यांच्या रंगांची सरमिसळ करून वेळ मारून नेली जाते. कोपऱ्यातल्या गुणफलकाकडे नाक लावून पाहिले तर काळ्यावर लिहिलेल्या पांढऱ्या आकड्याच्या कडेला राखाडी पट्टा दिसतो, आणि तीन व आठ या इंग्रजी आकड्यांत दुरून फरक करणे कठीण होते. उलट ४के पडद्यावर फुल एचडी चालवले तर एका ठिपक्याला चार ठिपके हिशेबाने बसतात. १४४०च्या पडद्यावर ७२० रेषाही तशाच चोख बसतात, मात्र त्यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये पूर्णांकी प्रमाणाचा पर्याय असावा आणि तो चालू करावा लागतो, नाहीतर तिथेही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात धूसर होते. अलीकडच्या अनेक खेळांत याहून शहाणा मार्ग असतो. त्यात अक्षरे आणि फलक पडद्याच्या पूर्ण मापात राहतात, फक्त मागचे दृश्य कमी ठिपक्यांत रंगवून मोठे केले जाते. एएमडीने २०२१ साली आणलेले एफएसआर हे त्याच प्रकारचे तंत्र आहे, आणि त्याच्या बऱ्याच आवृत्त्या दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राफिक्सवरही चालत असल्यामुळे दुबळ्या यंत्रांना त्याचा चांगला आधार होतो. पण हा आधार प्रत्येक खेळात असतोच असे नाही, आणि जुन्या खेळांत तर क्वचितच.

म्हणून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेले, प्रोसेसरमधल्याच अंगभूत ग्राफिक्सवर चालणारे यंत्र घ्यायचे ठरले असेल, तर माझी पसंती चोवीस इंचांच्या आसपासच्या फुल एचडी पडद्याला आहे. त्यात इंचाला सुमारे ब्याण्णव ठिपके बसतात. अक्षरे अगदी कोरीव दिसत नाहीत, पण टोचतही नाहीत. हेच माप सत्तावीस इंचांवर ताणले की इंचाला ब्याऐंशीच ठिपके उरतात आणि दिवसभराच्या वाचनात ती खरबरीत अक्षरे जाणवत राहतात. सत्तावीस इंच हवेच असतील तर १४४० रेषा हव्यात, आणि त्या हव्या असतील तर त्यांना पेलणारे ग्राफिक्स हवे, असा हा हिशेब एकातून एक पुढे सरकत जातो. पडद्याची गती हा आणखी एक मोह. शंभराहून अधिक हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा चित्र बदलणारे पडदे आता ऑल-इन-वनमध्येही दिसू लागले आहेत. माउस हलवताना आणि पान सरकवताना ते छान वाटतात, पण यंत्र साठच फ्रेम देऊ शकत असेल तर खेळात त्या वरच्या हर्ट्झचा लाभ फार थोडा. स्पर्शाचा पडदा मात्र मी खेळासाठी टाळतो. त्याची काच बहुधा चकचकीत असते, आणि काळोख्या भुयारातून चालताना आपलाच चेहरा समोर दिसत राहतो.

अंगभूत ग्राफिक्सची आणखी एक बाजू आहे, आणि ती माहितीपत्रकात जवळजवळ कधीच लिहिलेली नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान स्मृती असते. अंगभूत ग्राफिक्सला ती नसते. ते प्रोसेसरच्याच रॅममधून, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून, आपले काम भागवते. म्हणजे एकाच नळावर दोघांनी आपापली घागर लावण्यातला प्रकार. ३२०० गतीची डीडीआर४ रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. तशाच दोन पट्ट्या दोन मार्गांवर बसवल्या की तो आकडा ५१.२ होतो. तुलनेसाठी सांगायचे तर जीटीएक्स १६५० हे एकेकाळचे साधेसुधे कार्ड स्वतःच्या स्मृतीतून सेकंदाला १२८ गिगाबाइट उचलत असे. यावरून अंगभूत ग्राफिक्सची खरी उपासमार कुठे होते ते लक्षात यावे. आठ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या आणि सोळाची एक पट्टी यांची बेरीज सारखीच असली, तरी खेळात त्यांच्यात ठळक फरक पडतो, आणि उत्पादक मात्र अनेकदा एकच पट्टी बसवून दुसरी जागा मोकळी ठेवतात. हे तपासणे अवघड नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडली की खाली किती जागांपैकी किती वापरात आहेत ते लिहिलेले असते. तिथे दोनपैकी एक असे दिसले तर तशीच दुसरी पट्टी घालण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक बदल या यंत्रात दुसरा नाही. अर्थात त्यासाठी जागा मोकळी असली पाहिजे आणि तिथवर हात पोहोचला पाहिजे. काही मॉडेलांत मागची झडप दोन स्क्रूंवर उघडते. काहींत समोरचा पडदाच काढावा लागतो, आणि तो उद्योग घरी करण्यासारखा नसतो. काहींत रॅम मुळात बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथे ती पुढे वाढवता येत नाही, पण अशी रॅम सहसा एकाहून अधिक मार्गांनी जोडलेली असल्यामुळे निदान नळ तरी मोठा असतो. सोल्डर केलेली असेल तर सोळा गिगाबाइटपेक्षा कमी घेऊ नये, कारण ग्राफिक्सचा वाटाही त्यातूनच जाणार असतो.

ग्राफिक्सच्या नावांबद्दल फार लिहीत नाही. ती दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. एवढेच ध्यानात ठेवावे, की इंटेलचे 'यूएचडी' असे नाव असलेले ग्राफिक्स पाळीपाळीच्या आणि द्विमितीय खेळांपुरते आहे, २०२०पासून आलेले 'आयरिस एक्सई' त्याच्यापुढे एक पायरी, आणि एएमडीचे ६८०एम किंवा ७८०एम यांसारखे अंगभूत ग्राफिक्स हौशी माणसाच्या बहुतेक गरजा भागवते. स्वतंत्र ग्राफिक्स आहे असे सांगितले गेले तर लगेच हुरळून जाऊ नये. एनव्हिडियाची 'एमएक्स' मालिका नावापुरती स्वतंत्र होती. आजची चांगली अंगभूत ग्राफिक्स तिच्या बरोबरीला येतात. आणि लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०५०सारख्या एकाच नावाच्या चिपला उत्पादक पस्तीसपासून एकशे पंधरा वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. नुसत्या नावावरून काही ठरत नाही. वॉटचा आकडा विचारावाच लागतो, आणि तो विचारला की विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

यंत्र विंडोजचे घ्यावे की मॅक, हा प्रश्न खेळांच्या बाबतीत ताकदीचा राहिलेला नाही. अॅपलच्या स्वतःच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांची स्मृती एकत्रच असते आणि तिचा वेग चांगला असतो. एम४ या चिपच्या साध्या आवृत्तीत तो सेकंदाला १२० गिगाबाइट आहे. म्हणजे वर सांगितलेली उपासमार तिथे बरीच कमी. आवाज आणि उष्णता या बाबतींतही ती यंत्रे चांगली आहेत. अडचण खेळ मिळण्याची आहे. मॅकच्या कार्यप्रणालीच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून बत्तीस बिटांचे जुने खेळ मॅकवर चालेनासे झाले. मार्च २०२०मध्ये 'रॉकेट लीग'ने मॅकचा आधार काढून घेतला. २०२३मध्ये आलेला 'काउंटर-स्ट्राइक २' मॅकवर आलाच नाही, आणि 'व्हॅलोरंट' तर पहिल्यापासूनच नाही. जुन्या इंटेल मॅकवर अॅपलच्याच बूट कॅम्प या सॉफ्टवेअरने विंडोज बसवून वेळ निभावता येत असे; अॅपल चिपच्या मॅकवर ती सोय उरलेली नाही. आपल्या कागदावरच्या यादीत 'स्टारड्यू व्हॅली', 'माइनक्राफ्ट'ची जावा आवृत्ती, 'सिव्हिलायझेशन' अशी नावे असतील तर मॅक निर्धास्तपणे घ्यावा. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे एखादे नाव त्यात असेल, तर ते नाव एकेक करून तपासावे, कारण एका खेळासाठीसुद्धा सगळा निर्णय उलटू शकतो. विंडोजच्या बाजूलाही निष्काळजी राहून चालत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नियमित सुरक्षा-सुधारणा मिळण्याचा काळ, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने किंवा वापरलेले ऑल-इन-वन स्वस्तात मिळाले तरी ते विंडोज ११ चालवू शकते का, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. फसवेगिरी रोखण्यासाठी काही ऑनलाइन खेळही आता हीच अट घालतात.

डिस्कविषयी एकच गोष्ट: फिरती हार्ड डिस्क असलेले यंत्र आज कितीही मोठ्या क्षमतेचे असले तरी घेऊ नये. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क असावी, शक्यतो एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, आणि पाचशे गिगाबाइटच्या खाली नसावी, कारण एकेक खेळ सहज शंभराच्या घरात जातो. जागा कमी पडली तर बाहेरून डिस्क जोडता येते, म्हणून या प्रश्नावर मी जास्त झोप उडवून घेत नाही. यूएसबीची छिद्रे मात्र बाजूला किंवा खालच्या कडेला, हात पोहोचेल अशी असावीत. सगळी छिद्रे पाठीमागे असली, की गेमपॅडची तार लावायला दर वेळी भिंत आणि पडदा यांच्यामध्ये डोके घालावे लागते, आणि मग खेळ सुरू होण्याआधीच उत्साह मावळतो.

पडद्याचा पाय हा दुर्लक्षित विषय आहे. बऱ्याच ऑल-इन-वनचा पाय फक्त मागे-पुढे झुकतो, उंच होत नाही. एका टेबलावर दोन-तीन जण आळीपाळीने बसत असतील, तर कुणाची तरी मान आखडतेच. उंची कमी-जास्त करता येणारा पाय किंवा पाठीवर व्हेसा पद्धतीची, म्हणजे पडदा वेगळ्या स्टँडवर स्क्रूने बसवण्यासाठीची, चार भोके असतील तर हा प्रश्न सुटतो, आणि या चार भोकांची किंमत दाट ठिपक्यांच्या पडद्याहून अधिक आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता जाणकारांच्या मूळ आक्षेपाकडे येतो, कारण त्याला उत्तर न देता पुढे जाणे बरोबर नाही. यादीत वरच्या बाजूला खरोखर जड खेळ असतील, आणि स्वतंत्र, पुरेशी वीज मिळणारे ग्राफिक्स लागणारच असेल, तर ऑल-इन-वनचा नाद सोडावा. तसे मॉडेल असतात, पण त्यांची किंमत वेगळ्या डेस्कटॉपपेक्षा बरीच पुढे जाते आणि उष्णतेचा प्रश्न तरीही पाठ सोडत नाही. जागेचीच अडचण असेल, तर मॉनिटरच्या मागे व्हेसाच्या भोकांवर स्क्रूने बसवायचे छोटे मिनी पीसी मिळतात; दोन तारा वाढतात, पण पडदा आणि यंत्र यांची गाठ सुटते. दूरच्या सर्व्हरवर खेळ चालवून त्याचे फक्त चित्र आपल्यापर्यंत आणणाऱ्या सेवांचाही पर्याय आहे. २०२०मध्ये सर्वांसाठी खुली झालेली जीफोर्स नाऊ ही त्यांपैकी एक. अशा सेवेला ग्राफिक्स जवळजवळ लागतच नाही, स्थिर आणि वेगवान इंटरनेट लागते. पाळीपाळीच्या खेळांत चित्र पोहोचायला लागणारा उशीर जाणवत नाही, गोळीबाराच्या खेळांत जाणवतो. पण त्या सेवेच्या भरवशावर दुबळे यंत्र घेणे मला पटत नाही. गूगलची स्टेडिया २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३मध्ये बंद पडली. टेबलावरचे यंत्र त्याहून जास्त वर्षे चालावे अशी आपली अपेक्षा असते. जोड म्हणून ती सेवा असू द्यावी. मुख्य खेळ आपल्याच यंत्रावर चालावेत.

आणि यंत्र जास्त वर्षे चालायचे म्हटले, की एक विसंगती समोर येते. चांगला पडदा दहा वर्षेही सहज टिकतो, त्याच्या पाठीशी असलेला संगणक पाच-सहा वर्षांत खेळांच्या मानाने थकतो, आणि दोघे एकाच पेटीत असल्यामुळे एकाबरोबर दुसऱ्यालाही टाकून द्यावे लागते. २००९च्या सुमारास आलेल्या सत्तावीस इंची आयमॅकला दुसरा संगणक जोडून तो नुसता मॉनिटर म्हणून वापरता येत असे. २०१४मध्ये ५के पडद्याचा आयमॅक आला आणि त्यात ती सोय राहिली नाही. जगातल्या उत्तम पडद्यांपैकी कितीतरी पडदे आज म्हाताऱ्या संगणकांच्या गळ्यात अडकून पडले आहेत. म्हणूनच ऑल-इन-वनच्या पाठीवरची छिद्रे पाहताना मी 'एचडीएमआय इन' असे लिहिलेले छिद्र शोधतो. नुसते 'एचडीएमआय' लिहिलेले असेल तर ते बहुधा दुसरा पडदा जोडण्यासाठी, चित्र बाहेर नेण्यासाठी असते आणि उपयोगाचे नसते. चित्र आत घेणारे छिद्र असेल, तर आतला संगणक थकल्यावर छोटा मिनी पीसी लावून तोच पडदा वापरता येतो. आणि त्याची वाट पाहायचीही गरज नाही, आजच तिथे गेम कन्सोल जोडला तर जड खेळांची खालची यादीही त्याच पडद्यावर खेळता येते. हौशी खेळाडूसाठी या एका छिद्राचा उपयोग ग्राफिक्सच्या पुढच्या पायरीहून मोठा आहे. घेण्याआधी एवढे मात्र करून पाहावे: संगणक पूर्ण बंद करायला सांगावा, त्या छिद्रात एखादा लॅपटॉप जोडावा आणि चित्राचा स्रोत बदलणारे बटण दाबावे. काही मॉडेलांत पडदा लगेच उजळतो. काहींत त्यासाठी आतला संगणक आधी सुरू करावा लागतो, आणि तो बिघडला तर छिद्र असूनही पडदा काळाच राहतो.